फोडणीचे तेल आणि आयातशुल्काचा हिशेब

14 सप्टेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेले. उपकर धरून या तेलांवरचा एकूण बोजा 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के झाला, तर शुद्ध केलेल्या तेलांवरचा 13.75 वरून 35.75 टक्के. गणपती बसलेले होते, पुढे नवरात्र आणि दिवाळी होती. कमी शुल्कात आलेले सुमारे 30 लाख टन तेल देशात शिल्लक आहे, तेव्हा ते संपेपर्यंत भाव वाढवू नका, असे सरकारने तेल उद्योगाला बजावले. तरी किराणा दुकानातला तेलाचा डबा महागलाच.

सोयाबीन उत्पादकाला चार पैसे जास्त मिळावेत हा या निर्णयाचा उघड हेतू होता. पण त्या दिवाळीत मराठवाडा-विदर्भाच्या बाजार समित्यांत सोयाबीनचे सौदे बहुतांशी क्विंटलला साडेचार हजारांच्या खालीच होत होते आणि हमीभाव होता 4,892 रुपये. ग्राहकाच्या खिशातून जास्त पैसे गेले आणि शेतकऱ्याच्या पदरात हमीभावही पडला नाही. मग ते पैसे गेले कुठे?

या एका प्रश्नाचे उत्तर नीट शोधले, तर सगळे जग आज ज्या वादात अडकले आहे तो वाद समजायला मदत होते. दारे उघडी ठेवून जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यायचे, की दारे ओढून घेऊन आपले आपण पिकवायचे आणि बनवायचे?

उघडलेले जग, मिटणारे जग

महामंदीच्या तोंडावर, जून 1930 मध्ये, अमेरिकेने स्मूट-हॉली कायदा करून हजारो वस्तूंवरचे आयातशुल्क वाढवले. कॅनडा आणि युरोपातल्या देशांनी तसेच उत्तर दिले आणि 1929 ते 1934 या काळात जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन तृतीयांशाने घटले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा अनुभव ताजा होता. म्हणून 1947 मध्ये 23 देशांनी ‘गॅट’ करार केला. भारत त्यात पहिल्यापासून होता. फेरीमागून फेरी होत शुल्के उतरत गेली, 1 जानेवारी 1995 रोजी जागतिक व्यापार संघटना उभी राहिली आणि डिसेंबर 2001 मध्ये चीन तिच्यात आला. तिथून 2008 च्या आर्थिक संकटापर्यंत व्यापार जणू वाऱ्यावर स्वार होता. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या तुलनेत व्यापार साठ टक्क्यांच्या घरात पोचला आणि त्यानंतर त्याची चढण थांबली.

उलटा प्रवास 2018 मध्ये ठळक झाला. अमेरिकेने पोलादावर 25 आणि अॅल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावले, मग चीनशी शुल्कयुद्ध सुरू झाले. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर नव्या सदस्यांची नेमणूक अमेरिकेने अडवून धरली, त्यामुळे डिसेंबर 2019 पासून ते मंडळ ठप्प आहे. नियम शिल्लक राहिले, पण ते मोडणाऱ्याला अखेरचा निवाडा ऐकवणारे कोणी उरले नाही. भारताने 4 नोव्हेंबर 2019 रोजी आशियातल्या ‘आरसेप’ या मोठ्या व्यापार करारातून अंग काढून घेतले आणि 12 मे 2020 रोजी ‘आत्मनिर्भर भारत’ची घोषणा झाली. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारताच्या अनेक मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा तिरुपूर आणि सुरतेतल्या कामगारांना दूर देशातल्या शुल्काची झळ थेट लागली.

महाराष्ट्रात हा वाद जुना आहे

सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी 1877 च्या दिल्ली दरबाराला हाताने विणलेल्या खादीच्या पोशाखात गेले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सरसकट लागू पडत नाहीत, असे त्यांनी त्यात मांडले. जर्मन विचारवंत फ्रेडरिक लिस्टचा आधार त्यांना होता. नवा उद्योग उभा राहीपर्यंत त्याला संरक्षण हवे, हे लिस्टचे सूत्र. त्या काळी सरकार नेमके उलटे वागत होते. 1896 मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क लावताना मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच उत्पादन शुल्क बसवले गेले, कारण मँचेस्टरच्या मालाला इथे अडथळा नको होता. मुक्त व्यापाराच्या नावाखाली बलवान आपली सोय पाहतो, हा धडा महाराष्ट्राने तिथे घेतला.

शंभर वर्षांनी याच भूमीतून दुसरी बाजूही तितक्याच ताकदीने मांडली गेली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतमालाचा व्यापार खुला करू पाहणाऱ्या ‘गॅट’च्या डंकेल प्रस्तावाला उघड पाठिंबा दिला. निर्यातबंदी, साठ्यावरची बंधने आणि सरकारी खरेदी यांतून सरकार शेतमालाचे भाव पाडते, तेव्हा शेतकऱ्याला बाजार खुला हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तो युक्तिवाद वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

रानडे आणि शरद जोशी, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कोणते कुठे लागू पडते, हे एखादी वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. खाद्यतेलाइतकी बोलकी वस्तू क्वचितच सापडेल.

पिवळी क्रांती आणि तिच्यानंतर

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तेल आयात करण्याचा अधिकार राज्य व्यापार महामंडळाकडे होता आणि परकीय चलनाचा मोठा वाटा तेलावर जात होता. मे 1986 मध्ये राजीव गांधी सरकारने तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. तिची आखणी एकाच वेळी चार अंगांनी होती: सुधारित बियाणे आणि लागवड, गाळपाचे तंत्र, शेतकऱ्याला मदत आणि किमतींची हमी. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली ‘धारा’ हे तेल बाजारात आणले आणि भावांची एक पट्टी ठरवून तिच्या आत बाजार राखण्याचा प्रयत्न केला. 1985-86 मध्ये तेलबियांचे उत्पादन सुमारे 108 लाख टन होते, ते 1993-94 मध्ये सुमारे 215 लाख टन झाले. आठ वर्षांत दुप्पट! आयात गरजेच्या दोन-तीन टक्क्यांवर आली. राई-मोहरी, सूर्यफूल आणि सोयाबीनच्या या झेपेला पिवळी क्रांती म्हटले गेले.

त्यानंतर दार उघडले. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली तेव्हा शुल्क 65 टक्के होते, 1998 पर्यंत ते 15 टक्क्यांच्या आसपास उतरले. यात ग्राहकाचा फायदा झाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ज्या घरांत तेल मोजून-मापून वापरले जाई तिथे स्वस्त पामोलिन पोचले आणि गरिबाच्या भाजीला फोडणी मिळाली. पण किंमतही मोजावी लागली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी सुमारे 57 टक्के तेल बाहेरून येते, वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त. पाम इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया आणि युक्रेनमधून. त्यासाठी दरवर्षी सव्वा ते दीड लाख कोटी रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात.

महाराष्ट्रात याची खूण करडईच्या शेतात दिसते. मराठवाडा आणि सोलापूरच्या काळ्या जमिनीत रब्बीला ज्वारीच्या जोडीने करडई असे, विदर्भात जवस असे, आणि गावच्या घाण्यावर घरचेच तेल निघे. करडई कमी पाण्यावर येते, तिची मुळे खोल जातात, दुष्काळी पट्ट्याला ती साजेशी. पण तिला काटे असतात. काढणीला मजूर मिळेनात, स्वस्त पामोलिनपुढे भाव टिकेना आणि पेरा आटत गेला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काटे नसलेला संकरित करडईचा वाण तयार केला. म्हणजे काढणीच्या अडचणीला उत्तर इथल्याच मातीत शोधले गेले होते. त्या उत्तराला बाजाराची साथ मिळाली नाही.

बाहेरच्या घरातली आग

परावलंबन स्वस्ताईत बोचत नाही. ते बोचले 2022 मध्ये. फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि काळ्या समुद्रातून येणारे सूर्यफूल तेल अडले. 28 एप्रिलला इंडोनेशियाने आपल्या जनतेला तेल पुरावे म्हणून पाम तेलाच्या निर्यातीवर बंदी घातली. जगातला सर्वांत मोठा पाम तेल उत्पादक देश एका रात्रीत बाजारातून बाहेर पडला. 23 मे रोजी बंदी उठली, पण भाव भडकायचे ते भडकलेच.

व्यापाराचे हत्यार भारतानेही वापरले आहे. मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी काश्मीरबाबत विधाने केल्यानंतर जानेवारी 2020 मध्ये भारताने शुद्ध पाम तेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. त्याचा फटका प्रामुख्याने मलेशियाला बसला. पुढे जून 2021 मध्ये महागाई वाढली तेव्हा ते निर्बंध आपणच काढले. ज्या वस्तूवाचून स्वयंपाक अडतो, तिच्या बाबतीत विकणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांच्या राजकारणाचे ओलीस असतात. म्हणून थोडी स्वयंपूर्णता ही चैन नसून सुरक्षिततेची गरज आहे, हे म्हणणे रास्त आहे. प्रश्न आहे तो ती मिळवायची कशी, याचा.

एका क्विंटलचा हिशेब

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा बाहेरचे कच्चे तेल बंदरावर किलोला 100 रुपयांना पडते. 5.5 टक्के शुल्काने ते साडेपाच रुपयांनी महाग होते, 27.5 टक्क्यांनी साडेसत्तावीस रुपयांनी. फरक किलोला 22 रुपयांचा. हे 22 रुपये ग्राहक देतो. आयात झालेल्या प्रत्येक किलोमागचे पैसे सरकारी तिजोरीत जातात. देशात निघालेल्या तेलालाही तोच वाढीव भाव मिळतो, पण ते पैसे गाळप करणारा, व्यापारी आणि शेतकरी यांच्यात वाटले जातात. म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने लावलेल्या शुल्काचा निम्म्याहून मोठा भाग शेताच्या दिशेने निघतच नाही.

निघालेला भाग तरी पोचतो का? सोयाबीनच्या 100 किलो दाण्यातून तेल निघते साधारण 18 किलो. उरते 80 किलोच्या आसपास पेंड, जी कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. 18 किलो तेलावर किलोला 22 रुपये वाढले तर क्विंटलमागे 396 रुपयांची भर पडते. पण पेंडेचा भाव किलोला फक्त पाच रुपयांनी उतरला, तर 400 रुपये वजा होतात. तेलाने दिले ते पेंडेने नेले! आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण 2024 च्या हंगामात गणित याच दिशेने गेले. दक्षिण अमेरिकेत सोयाबीन मुबलक पिकले होते, जगात पेंड स्वस्त होती आणि आपली पेंड निर्यातीत महाग पडत होती. देशातही इथेनॉल काढल्यावर उरणारा मका-तांदळाचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, पशुखाद्यात पेंडेची जागा घेऊ लागला होता. एका मंत्रालयाने इथेनॉलला उत्तेजन दिले, दुसऱ्याने तेलावर शुल्क वाढवले, आणि दोन्ही निर्णय सोयाबीनच्या एकाच दाण्यात आमनेसामने आले.

हमीभावाने सरकारी खरेदी सुरू झाली, पण ओलावा 12 टक्क्यांहून जास्त असलेला माल केंद्रांवरून परत पाठवला जात होता. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस झाला की एवढा ओलावा राहणारच. नोव्हेंबरमध्ये मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, तोवर गरजू शेतकऱ्याने माल विकून टाकलेला होता. पुढे कित्येक केंद्रांवर बारदाना संपला. आयातशुल्काचा कागद दिल्लीत निघाला, पण खरेदी केंद्रावर पोत्याअभावी काटा थांबला.

धोरणाचा झोका

याहून मोठा दोष धरसोडीचा आहे. जुलै-ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांची पातळी ओलांडली. कुक्कुटपालन उद्योगाची ओरड झाली आणि सरकारने 12 लाख टन सोयापेंड आयातीला मुभा दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याजवळ आला. ऑक्टोबरात कच्च्या तेलांवरचे मूळ शुल्क शून्य केले गेले आणि डिसेंबरात सोयाबीनसह काही शेतमालाच्या वायदे व्यवहारांवर बंदी आली. तीन वर्षांनी, भाव हमीभावाखाली गेल्यावर, शुल्क एकदम 20 टक्के झाले. मे 2025 च्या अखेरीस महागाईचे कारण देत कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क पुन्हा 10 टक्क्यांवर आणले, एकूण बोजा 16.5 टक्के झाला. तो निर्णय आला तेव्हा शेतकरी खरिपाच्या बियाण्याची जुळवाजुळव करत होता.

मे 2025 च्या निर्णयात एक शहाणपण मात्र होते. कच्च्या आणि शुद्ध तेलावरच्या शुल्कातला फरक 19.25 टक्के ठेवला गेला, त्यामुळे शुद्धीकरणाचे काम आणि रोजगार देशात टिकायला मदत झाली. म्हणजे रिफायनरीला संरक्षण मिळाले. दाणा पिकवणाऱ्याला ते कसे मिळायचे, हा प्रश्न तसाच उरला.

भाव चढले की आयात खुली, भाव पडले की उशिरा शुल्क: या क्रमात शेतकऱ्याच्या वाट्याला मुक्त व्यापाराचेही तोटेच येतात आणि संरक्षणाचेही. ज्याला पुढच्या हंगामातले शुल्क माहीत नाही, तो करडईकडे वळायचे की उसाकडे, याचा विचार कशाच्या भरवशावर करणार?

स्वयंपूर्णता कशाने येते

ब्राझील आणि अमेरिकेत सोयाबीनचा हेक्टरी उतारा तीन टनांहून जास्त आहे, आपला एक टनाच्या आसपास. महाराष्ट्रात 50 लाख हेक्टरच्या घरात सोयाबीन आहे, बहुतेक कोरडवाहू. तिकडचे बियाणे जनुक-बदल केलेले आहे. भारतात तशा सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, त्यापासून काढलेले तेल मात्र आपण आयात करतो. या विसंगतीवर खुली, शास्त्राच्या आधारे चर्चा व्हायला हवी. पण सगळा फरक जनुकांचा नाही. दर्जेदार बियाणे, बीजप्रक्रिया, सरी-वरंब्यावरची पेरणी आणि शेंगा भरताना एक संरक्षित पाणी, एवढ्यानेही उतारा वाढतो हे कृषी विद्यापीठांच्या प्रात्यक्षिकांत दिसत आले आहे.

सरकारने 2021 मध्ये पाम लागवडीसाठी 11,040 कोटी रुपयांचे आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तेलबियांसाठी 10,103 कोटींचे अभियान मंजूर केले. तेलबियांचे उत्पादन 390 लाख टनांवरून 2030-31 पर्यंत 697 लाख टनांवर न्यायचे आणि देशाची 72 टक्के गरज देशातच भागवायची, हे लक्ष्य आहे. पाम हेक्टरी जितके तेल देतो तितके दुसरे कोणतेच पीक देत नाही. पण त्याला वर्षभर पाणी लागते आणि पहिले फळ यायला तीन-चार वर्षे जातात. ईशान्य भारतातल्या जंगलांवर त्याचा भार पडू नये, ही काळजी रास्त आहे. दुष्काळी महाराष्ट्राला करडई, जवस, तीळ आणि भुईमूग अधिक मानवतील.

दुसरी बाजू आपल्या कढईची. नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार भारतीय माणूस वर्षाला सरासरी 19.7 किलो तेल खातो, तर आरोग्याच्या दृष्टीने 12 किलोच्या आसपास पुरेसे मानले जाते. तेल थोडे कमी वापरणे हृदयाच्याही हिताचे आणि देशाच्याही. पण ही सरासरी आहे. गरिबाच्या घरात तेल आजही बेताचेच असते, तेव्हा काटकसरीचा उपदेश ज्यांच्या ताटात तळण रोज असते त्यांनी आधी स्वतःला करावा.

1986 ची मोहीम यशस्वी झाली, कारण बियाणे, गाळप, शेतकऱ्याला मदत आणि किंमत या चारही गोष्टी एकत्र आणि वर्षानुवर्षे सांभाळल्या गेल्या. आयात त्या काळी बंदिस्त होती, हेही खरे. पण आयात त्याआधीही सरकारच्याच हाती होती, आणि नुसत्या नियंत्रणाने उत्पादन दुप्पट झाले नव्हते. आयातशुल्क देशाला थोडा वेळ विकत घेऊन देते आणि त्याचे बिल ग्राहक भरतो. त्या वेळात शेतातला उतारा वाढला तर ते पैसे सत्कारणी लागले. नाही वाढला तर गरिबाच्या फोडणीवर बसवलेला तो एक कर ठरतो. म्हणून पुढच्या वेळी शुल्क वाढल्याची बातमी येईल, तेव्हा वाचकांनी आणि लोकप्रतिनिधींनी तीन प्रश्न विचारावेत. हे शुल्क किती वर्षांसाठी आहे आणि मध्येच बदलणार नाही याची हमी काय? त्यातून जमणारा पैसा तेलबियांच्या संशोधनावर आणि खरेदीवर किती खर्च होणार? आणि मागच्या शुल्कवाढीनंतर हेक्टरी उतारा किती किलोने वाढला? उत्तरे आकड्यांत द्यायला लागली, तर धोरण आखणाऱ्यांना शेताकडे पाहावेच लागेल.